पंचवीस शेर मटकी

मखमलाबाद,
ता. ४ फेब्रुवारी २००२

वन्स,

नमस्कार. साष्टांग लिहायची पद्धत आहे, पण चार वर्षं एकमेकींचं तोंड पाहायचं नाही आणि कागदावर लोटांगण घालायचं, हे मला जमत नाही. तुम्ही यांच्या थोरल्या बहीण, वयानं मोठ्या, तेवढ्यापुरता नमस्कार घ्या.

फोन दोनदा लावला. माझा आवाज ऐकला की तुम्ही ठेवून देता. कागदाचं तसं नाही. ठेवून दिला तरी कधी ना कधी कोणीतरी उघडतंच. बारीक अक्षर तुम्हाला दिसत नाही, म्हणजे तुमची सून आशा वाचणार. आशा, मोठ्यानं वाच आणि मधलं काही गाळू नको. मी चौथीतून शाळा सोडली, वेलांट्या चुकतील. हसायचं तर नंतर हस.

तर आमच्या प्रतिभाचं जमलं. मुलगा दिंडोरीचा, अमित नाव, घरची द्राक्षबाग. माणसं बरी आहेत, जरा बोलतात जास्त. लग्न वैशाखात, एकोणीस मेला, आमच्याच मळ्यात मांडव.

आणि पोरगी म्हणते, "आत्या नसली तर मी हळदीच्या पाटावर बसायची नाही." मी दोन लावून दिल्या असत्या, पण लग्न ठरलेल्या पोरीवर हात टाकू नये. खरं म्हणजे ती चुकीचं बोलत नाही. आपल्या घरात पहिली हळद आत्याची. तुम्हाला तुमच्या आत्यानं लावली, प्रतिभाला तुम्ही लावायची. तुमच्याच मांडीवर वाढलेली पोर आहे ती. तुमचे भाऊ काही बोलत नाहीत. ते कधी बोलत होते? मागच्या भाऊबीजेला सकाळी मळ्यात गेले ते दिवेलागणीला आले. झेंडूला पाणी देत होतो म्हणाले. दिवसभर झेंडूला पाणी!

आता मुख्य गोष्ट. मटकीचं कोडं सुटलं.

आशा, तू तेव्हा या घरात आली नव्हतीस, म्हणून तुला सांगते. तुझ्या सासूबाईंच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या मामंजींचं, वर्षश्राद्ध होतं. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, बापाच्या जेवणाला मटकी माझ्या शेतातली. मी निरोप धाडला, पंचवीस शेर लागेल. पोतं आलं. भिजवली, मोड आणले, उसळ केली. शेवटच्या पंगतीला पातेल्याचा तळ दिसायला लागला. पानात नुसता रस्सा, दाणा नाही. तुझ्या सासूबाई पातेल्यापाशी आल्या.

"किती घातली होतीस गं?"

"वीस शेर. होती तेवढी सगळी."

"मी पंचवीस पाठवली. मधले पाच शेर कुठं गेले? तुझ्या माहेरी?"

सगळी भावकी हात धुवायचं सोडून ऐकत उभी. आणि या बाई जेवल्या नाहीत, पाणी घेतलं नाही, तडक एसटी धरून विंचूरला आपल्या घरी. बस, एवढंच झालं. एवढं पुरलं.

वन्स, माझं माहेर गिरणाऱ्याचं. तिथल्या लोकांनी मटकी कधी पाहिली नव्हती काय? मी दाणा हलवला नाही. त्या दिवसापासून गल्लीत कोणाच्या घरची वाटी हरवली तरी बायका माझ्याकडे बघून हसतात. चेष्टेत हसतात. चेष्टाच ती, पण चार वर्षं चालली आहे.

ते पाच शेर कुठं गेले ते मला आता कळलंय. तुमचं उत्तर आलं की सांगते. तुम्ही लग्नाला या, भावकीसमोर एकदा म्हणा, रंगूनं काही घेतलं नाही, आणि मग पोरीला हळद लावा. माझं दुसरं काही मागणं नाही.

रंगू


मखमलाबाद,
ता. २२ फेब्रुवारी

वन्स,

उत्तर नाही. बरं. मी थांबणारी बाई नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून मीच सांगते.

साखरपुड्यासाठी पंचवटीतल्या कुंदनशेठच्या दुकानातून दहा किलो मटकी आणली. आमचा आचारी चंदर, तो सगळं किलोत सांगतो. घरी आणून मी आपल्या शेरानं मोजली. तोच शेर, सासूबाईंचा, लोखंडी, कडीचा. भरले आठ. दहा आणले आणि आठच भरले, मग माझं डोकं फिरलं. मी परत दुकानात गेले आणि शेठला शांतपणे विचारलं.

तो म्हणाला, "बाई, किलोचं बोलताय का शेराचं?"

मी म्हटलं, "एकच की."

"एकच कसं? तुमचं माप घेऊन या. इथं समोर बघू."

मी तशीच घरी आले, शेर पिशवीत टाकला, परत गेले. मटकीनं शीग लावून, काठावर ढीग चढवून भरला आणि त्याच्या काट्यावर ओतला. सव्वा किलो. पुन्हा भरला. सव्वाच. मग मी इरेलाच पेटले. म्हटलं, वाटाणा घाला. वाटाण्याची शीग राहतच नाही, घरंगळून खाली. त्याचं वजन कमी आलं. वाल घातले, ते चपटे, एकावर एक बसतात, त्यांची शीग उंच चढली, वजन आणखी वेगळं. माप एकच, हात एकच, आणि काटा दर वेळी दुसरंच बोलतोय. गिऱ्हाईकं थांबून बघत होती. शेठ म्हणाला, "बाई, शेर जागा मोजतो, किलो ओझं मोजतो. जागेला कडधान्य काय आणि कापूस काय."

तिथं उभ्या उभ्या मला तुमचं घर दिसलं, वन्स. तुमचं घर कांद्याचं. कांदा कोणी शेरानं भरतं का? सगळं काट्यावर. आणि तुमच्याकडे किलोलाच शेर म्हणतात. भाऊजी सुनेला म्हणतात ना, दोन शेर साखर आण, म्हणजे ती पोर दोन किलो आणते. आमचं घर फुलांचं आणि भाजीचं. फुलं शेकड्यानं, मेथी जुडीनं, आणि दाणा म्हटलं की शेर. शेर म्हणजे हा कडीचा, शीग लावलेला.

मी पंचवीस शेर मागितले. तुम्ही पंचवीस किलो काट्यावर घालून पाठवले. घरी उतरले ते शेर भरले वीस. म्हणजे तुम्ही तोलून पुरते पाठवले, मी मोजून सगळे शिजवले, आणि मधले पाच शेर जगात कुठं नव्हतेच. पंगतीला उसळ त्यामुळं कमी पडली. चोरीनं नाही, भाषेनं.

आणखी एक सांगते, सांगणार नव्हते. पोतं सोडलं त्याच दिवशी मला कळलं होतं की वीसच भरताहेत. मला वाटलं, वन्सनी हात आखडला. लेकीनं बापाच्या नावानं दिलेलं, ते मोजून तोंडावर कशाला मारायचं, म्हणून मी गप्प. म्हणजे चार वर्षं तुम्ही मला चोर समजलात आणि मी तुम्हाला कंजूष. दोन्हींत माझं समजणं बरं.

उत्तर द्या.

रंगू


मखमलाबाद,
ता. १४ मार्च

वन्स,

पोस्टकार्ड मिळालं. अक्षर आशाचं, बोल तुमचे, लगेच कळले. आशानं शेवटी "मामी, तब्येत जपा" लिहिलंय, ते तुम्ही सांगितलेलं नसणार.

तुम्ही म्हणता, शेर म्हणजे किलो, जग तसंच बोलतं. बोलू दे जगाला. जगानं गाढवाला घोडा म्हटलं तर त्याच्यावर वरात निघते काय?

तुम्ही म्हणता, शीग लावणाऱ्याच्या हातात असते, उंच लावली तर माप खातं, चेपली तर माप देतं. हे खरं. पण मग त्या दिवशी असं का नाही म्हणालात? त्या दिवशी तुम्हाला माझा हात दिसला नाही, माझं माहेर दिसलं.

आणि तुम्ही म्हणता, कुंदनशेठच्या दुकानात रंगूनं तमाशा केल्याचं विंचूरपर्यंत ऐकू आलं. कोणी सांगितलं ते मला माहीत आहे. आमच्या गल्लीतल्या सखुबाईची लेक दिली आहे तिकडे. हो, मी ओरडले. मी शेठला भर दुकानात चोर म्हटलं, तागडीत दगड घालतोस म्हटलं. मागच्या पत्रात "शांतपणे" लिहिलं ते माझ्या मानानं शांतपणे. पण एक बघा. मी त्याला चोर म्हटल्यावर तो म्हणाला, माप आणा. तुम्ही मला चोर म्हटलं तेव्हा कोणीच म्हणालं नाही, माप आणा, काटा आणा. फरक एवढाच, आणि तेवढ्यात चार वर्षं गेली.

लग्नाला येणार का नाही, त्याबद्दल कार्डावर अक्षर नाही.

काल तुमचे भाऊ म्हणाले, "लय झालं रंगू. आता कागद नको. नाय यायचं तिला, नाय तर नाय."

मी म्हटलं, "तुम्हाला बहीण पाहिजे का नको?"

उठून झेंडूकडे गेले. वन्स, आमच्याकडे सध्या झेंडू लावलेलाच नाही. मेथी आहे.

शीग माझ्या हातात असते म्हणता ना? मग मी शेर घेऊन विंचूरला येते. तुमच्या काट्यावर, तुमच्या माणसाच्या हातानं.

रंगू


मखमलाबाद,
ता. २ एप्रिल

वन्स,

परवा मी तुमच्या ओट्यावर दोन तास बसले होते. तुम्ही आत होतात. चुलीपुढच्या बांगड्या ओळखू येतात मला.

पिंपळगावच्या टेम्पोनं आले, कांद्याच्या रिकाम्या गोण्यांवर बसून. लुगड्याचा वास अजून जात नाही. भाऊजींनी बघितलं आणि म्हणाले, "अरे, पाहुण्या! पिशवीत काय, लग्नपत्रिका?"

मी म्हटलं, "शेर."

"जिवंत का मेलेला?"

तुमच्या नवऱ्याला माणूस रडत आलं तरी विनोद सुचतो. मी शेर काढून ओट्यावर ठेवला. म्हटलं, "खंडेराव भाऊजी, तुमची मटकी, तुमचा काटा, तुमचा हात. शीग तुम्ही लावा. मी शिवत नाही." शेजारचे दोघं कट्ट्यावरून उठून आले. भाऊजींनी शेर भरला. शीग लावताना जीभ दातात धरली होती, पोरं चित्र काढताना धरतात तशी. काट्यावर ओतला. सव्वा किलो, वर चिमूट. पुन्हा भरला. सव्वा. शेजारी म्हणाला, "मामा, हात चेपा जरा." चेपून भरला, तरी थोडाच फरक. किलोवर काही येईना.

भाऊजींनी काट्यावरचा आकडा पुन्हा वाचला. मग त्यांनी पाढा म्हटला. वीस सव्वा पंचवीस. मोठ्यानं म्हटला, तुम्हाला आत ऐकू जावा म्हणून. हसले नाहीत. त्या माणसाला पहिल्यांदा न हसता पाहिलं मी.

आत काहीतरी पडलं. तवा असेल.

मी वाट पाहिली. आशानं चहा आणून दिला. तुम्ही आला नाहीत. मी शेर पिशवीत घातला आणि निघाले.

वन्स, मी जिंकले. टेम्पोत बसून येताना मला वाटायला पाहिजे होतं, जिंकले. चांदोरीपर्यंत वाटलंही. पुढं नाही. कारण चहा देताना मला कोणीतरी हळूच सांगितलं, "मामी, आईंच्या तव्यावर भाकरी जळली. त्या म्हणतात, आता कोणत्या तोंडानं जाऊ?" हे कोणी सांगितलं ते विचारू नका. घरात सून एकच आहे, तिला रागावू नका. आशा, हे वाचताना आवाज बारीक करू नको.

म्हणजे मला चोर समजत होतात तोवर तुम्ही रागानं येत नव्हतात. राग जातो. आता मी चोर नाही हे कळलं, आता तुम्ही लाजेनं येणार नाही. लाज मरेपर्यंत टिकते. मी तुम्हाला खरं करून दाखवलं आणि दार आणखी घट्ट लावून आले. मला कोणी एवढं डोकं चालवायला सांगितलं होतं?

तेव्हा ते भावकीसमोर म्हणायचं मागणं मी सोडलं. काही म्हणू नका. नुसत्या या. पोरीला हळद लावा, जेवा, जा.

पण तुम्ही तशाही येणार नाही, हे मला लिहिताना कळतंय. तुम्ही न बोलता आलात तरी सखुबाई बोलेल. मांडवात बायका आहेत, तोंडं आहेत, आणि मटकी तर शिजणारच. मला काहीतरी करावं लागेल. काय ते अजून सुचलेलं नाही. सुचेल.

रंगू


मखमलाबाद,
ता. २६ एप्रिल

वन्स,

सुचलं. करूनही झालं.

मंगळवारी पापडाला बायका बोलावल्या होत्या. वीस-पंचवीस जणी, उडदाच्या पिठाचे गोळे, अंगणात ताडपत्री. सखुबाई होती, भिमाबाई होती, तुमच्या चुलत जावा होत्या. सगळ्यांचे हात तेलाचे, कोणी उठून जाऊ शकत नाही, अशी वेळ बघून मी शेर आणून मधे ठेवला.

म्हटलं, "बायांनो, एक ऐका. मामंजींच्या वर्षश्राद्धाला मटकी कमी पडली होती, आठवतं ना? आज कारण सांगते. आमचा हा शेर खोटा आहे. बुडाचा पत्रा बाहेर फुगलाय, जास्त धरतो. त्यानं मोजायला घेतलं म्हणून पंचवीसचे वीस झाले. वन्सनी पुरते पाठवले होते. त्यांना कमी दिसले म्हणून त्या बोलल्या. कोणीही बोललं असतं."

मग सखुबाई म्हणाली, "अगंबाई! तुझ्या सासूचा शेर खोटा? तिच्या हयातीत अख्खी गल्ली त्या शेरानं मोजत होती."

"हयातीत खरा असेल. आता खोटा."

"आणि तुझ्या वन्सना, लताबाईंना, हे माहीत होतं?"

"त्यांनी आधीच ओळखलं होतं. माझ्याच लक्षात उशिरा आलं."

झालं. दुसऱ्या दिवशी गल्लीला कळलं, तिसऱ्या दिवशी भावकीला. सखुबाईचं तोंड पोस्टापेक्षा चांगलं चालतं. तुमच्यापर्यंतही आलंच असेल.

रात्री तुमचे भाऊ ताटावरून उठले. म्हणाले, "आईच्या मापाला खोटं म्हणालीस? त्या मापानं या घरानं कधी कोणाचा दाणा राखला नाय." एवढं लांब वाक्य ते लग्नाच्या वेळीही बोलले नव्हते.

मी म्हटलं, "शेर काय रडतोय? त्याला कान आहेत का? तुमच्या बहिणीला आहेत."

हात धुवून बाहेर गेले. ताट तसंच राहिलं.

मी काय केलंय ते मला समजतं, वन्स. गल्लीत लग्न निघालं की बायका आपल्याकडूनच शेर मागून न्यायच्या, लाडवाचं पीठ असो का सुपातले तांदूळ. काल भिमाबाई नातवाच्या बारशासाठी न्यायला आली, दारात थबकली, आणि म्हणाली, "राहू दे, वाटीनं भागवते." मी म्हटलं, भागव. माझं नाव चोर होतं ते गेलं, आता घर खोट्या मापाचं झालं. दोन्हींत हे चालेल मला. चोराच्या घरी आत्या येत नाही. खोट्या मापाच्या घरी यायला काही हरकत नाही.

तुम्ही विचारत होता, कोणत्या तोंडानं जाऊ. ह्या तोंडानं या. शेर खोटा होता, तुम्ही बरोबर होतात. कोणी विचारलं तर एवढंच म्हणा, नाहीतर तेही म्हणू नका.

हळद अठरा तारखेला संध्याकाळी. पोरीनं तुमच्यासाठी हिरवं लुगडं काढून ठेवलंय. मी म्हटलं, तुझ्या आत्याला पोपटी आवडतं. ऐकत नाही. तुमच्यावर गेली आहे.

रंगू


मखमलाबाद,
ता. २४ मे

वन्स,

तुम्ही होतातच तिथं, तुम्हाला काय सांगायचं, असं तुमचे भाऊ म्हणाले. पण माझ्या बाजूनं ते कसं दिसलं हे तुम्हाला कुठं माहीत? म्हणून लिहिते.

अठराला सकाळी तुमची जीप मळ्याच्या तोंडाशी थांबली, तेव्हा मी चंदरशी भांडत होते. उन्हाळ्याचे दिवस, मोड रात्रीतून येतात, मटकी सकाळीच भिजायला हवी, आणि हा मनुष्य तंबाखू चोळत बसलेला. म्हणत होता, "मामी, पंचवीस किलो लागेल. तागडी आणलीय मी, वजनावरच घेतो."

सखुबाई शेजारी कांदा चिरत होती. म्हणाली, "हो बाबा, वजनावरच घे. ह्यांचा शेर खोटा हाय."

एवढ्यात तुम्ही आलात. माझ्याकडे बघितलं नाहीत. प्रतिभा धावत आली, तिला एका हातानं जवळ घेतलंत आणि बाजूला केलंत. भावाकडेही नुसतं एकदा बघितलंत. ते उभेच राहिले, हातात टोपी धरून, पाहुण्यासारखे. मला वाटलं, आल्या, एवढं खूप झालं, आता संध्याकाळी हळद लावतील आणि जातील. मी तोंड उघडलं नाही. माझ्यासाठी ते किती अवघड ते तुम्ही जाणता.

तुम्ही सरळ घरात गेलात आणि कोनाड्यातून शेर घेऊन बाहेर आलात.

चंदर म्हणाला, "मावशी, तागडी हाय की."

तुम्ही पोत्यापुढं बसलात. पोत्याचं तोंड धरायला कोणी नव्हतं, म्हणून मी धरलं. तुम्ही शेर आत घातला, बाहेर काढला, तळहातानं कडेची मटकी वर ढकलून शीग लावलीत, सासूबाई लावायच्या तशी, दाणा घरंगळू न देता. सगळ्या बायका बघत होत्या. सखुबाईची विळी थांबली होती. तुम्ही माप पातेल्यात ओतलं आणि म्हणालात,

"लाभ."

शुभ कामात पहिल्या मापाला एक कोणी म्हणत नाही, लाभ म्हणतात. आणि खोट्या मापाला लाभ म्हणायची कोणाची छाती होत नाही. चार वर्षांत माझ्यासमोर तुम्ही बोललेला पहिला शब्द तो. माझे दोन्ही हात पोत्यात अडकलेले, डोळ्याला पदर लावायची सोय नव्हती. तुम्ही बघितलंत. दुसरं माप जरा सावकाश भरलंत.

दोन. तीन. चार. मांडवात फक्त तुमचा आवाज आणि मटकीचा.

वीस झाल्यावर तुम्ही थांबलात. शेर मांडीवर ठेवलात.

चंदर म्हणाला, "मावशी, पंचवीस सांगितले ना."

"पंचवीस किलो सांगितलेस. झाले पंचवीस किलो."

सखुबाई म्हणाली, "अहो लताबाई, वीसच झाले! मी मोजत होते की."

"वीस शेर झाले. वीस शेर म्हणजे पंचवीस किलोच. तुला पटत नसेल तर ओत सगळी तागडीत, चार बायका बोलाव आणि बघ."

कोणी उठलं नाही. चंदरनं तागडी उचलली आणि मांडवाच्या खांबामागं ठेवून दिली.

सखुबाईला राहवलं नाही. "म्हणजे, शेर खरा का खोटा म्हणायचा?"

तुम्ही शेर पालथा करून त्याच्या बुडावर दोन थापा मारल्या. अडकलेले चार दाणे पातेल्यात पडले. मग माझ्याकडे बघितलंत.

"रंगू, पाणी आण. ऊन चढतंय. मटकी आत्ता भिजली तर उद्याच्या पंगतीला पुरेल."

मी पाणी आणलं.

तुमची,
रंगू